काय म्हणून लिहावे?

‘काय म्हणून लिहावे’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात. एक म्हणजे कशासाठी लिहावे, आणि दुसरा म्हणजे कथा म्हणून लिहावे, कविता म्हणून लिहावे की नाटक म्हणून. गेल्या दोन महिन्यांत सांगली-सातारा भागातून या सदराकडे आलेल्या पत्रांत काहींनी पहिला प्रश्न विचारला आहे, काहींनी दुसरा. पण एक विचारताना मनात दुसराच घोळतो आहे, हे बऱ्याच पत्रांत जाणवते. म्हणून या अंकात इतर विषय बाजूला ठेवून एवढ्या एका विषयावरची पत्रे घेतली आहेत. जागेअभावी ती थोडी आवरली आहेत. भाषा ज्याची त्याची ठेवली आहे.

प्रश्न : माझी तीन एकर द्राक्षबाग आहे आणि वाचनाचा नाद आहे. लेखकाला आधी विषय सुचतो, की ‘आपण आता कादंबरी लिहायची’ असे तो आधी ठरवतो? आणि जिला प्रेरणा म्हणतात ती येते कुठून? व्याख्यानांत सगळेच लेखक ‘आतून आले’ असे सांगतात. आतून म्हणजे कुठून, ते कोणी सांगत नाही.
(एक द्राक्षबागायतदार, तासगाव तालुका)

उत्तर : ‘आतून आले’ या उत्तराबद्दल आपल्याला आलेली शंका रास्त आहे, आणि ती तपासायला सांगलीइतके सोयीचे गाव दुसरे नाही. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळींचा एक ताफा इथे आला आणि त्याने सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढे आपले खेळ केले. ते पाहून अप्पासाहेबांना वाटले की असे काही मराठीत, आणि याहून नेटके, व्हायला हवे. हे काम त्यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णू अमृत भावे यांच्यावर सोपवले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले, आणि तो दिवस आज आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. आता यात आतून आलेले काय होते? मागणी राजाची, नमुना कानडी, कथा रामायणातली. सूत्रधाराने पद्ये म्हणावीत आणि पात्रांनी त्या पद्यांच्या धोरणाने आयत्या वेळी आपापली भाषणे करावीत, अशी त्या खेळाची रीत होती. म्हणजे संवाद तर लिहिलेलेही नव्हते. भावे नाटककार झाले, ते समोर बसलेल्या एका माणसाने ‘हे मला मराठीत पाहायचे आहे’ असे सांगितले म्हणून.

पुढचा भाग त्याहून बोलका आहे. १८५१ मध्ये अप्पासाहेब वारले, राजाश्रय सुटला आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. ज्या खेळाचा प्रेक्षक एक राजा होता, त्याचा प्रेक्षक आता पैसे मोजून आत आलेला कोणीही माणूस झाला. मराठी नाटक हा धंदा होऊ शकतो हे तिथून दिसू लागले, आणि पुढच्या पिढीतल्या अनेकांना नाटक लिहावेसे वाटले, ते हे दिसल्यामुळे. तिकीटविक्रीला कोणी प्रेरणा म्हणणार नाही. पण तिच्यावाचून पुढची कितीतरी नाटके सुचलीच नसती, असे मला वाटते.

याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण एका शतकानंतरचे आहे. शेटफळ्याला जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांना रामकथा सांगावीशी वाटली यात नवल काहीच नाही. ती कोणाला सांगावीशी वाटत नाही? पण १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून जे सुरू झाले, त्याचा घाट आकाशवाणीच्या गरजेतून आला होता. आठवड्याला एक गीत आणि ते वर्षभर, असा तो करार. म्हणजे प्रत्येक गीत स्वतंत्रपणे उभे राहिले पाहिजे, मागचा आठवडा चुकलेल्या श्रोत्यालाही ते कळले पाहिजे, आणि गायकाच्या तोंडी शोभायचे तर ते कथेतल्या कोणा एका पात्राच्या मुखातले असले पाहिजे. छप्पन्न गीतांचे ते ‘गीतरामायण’ झाले. चित्रपटासाठी प्रसंग पाहून गाणे लिहायचा हात त्याआधीच बसलेला होता, म्हणून दर आठवड्याची मागणी त्यांना पेलली. तोच कवी, तीच कथा, पण मागणी एखाद्या प्रकाशकाकडून आली असती, तर त्याचे खंडकाव्य झाले असते आणि कदाचित आज ते फक्त ग्रंथालयात सापडले असते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की विषय आधी येतो, प्रकार मागाहून ठरतो, आणि ज्याला सांगायचे आहे तो ऐकणारा माणूस या दोघांच्याही आधी कुठेतरी बसलेला असतो. मात्र यावरून मागणी आली की साहित्य होते असे समजू नये. मागणीवरून लिहिलेल्या आणि दुसऱ्या दिवशी विसरल्या गेलेल्या स्वागतगीतांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. यातला फरक आपल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी फुटते तिच्या डोळ्यात घड आतल्या आत तयार होत असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला नुसता पाला दिसतो. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की तो घड बाहेर येतो. राजाची इच्छा काय किंवा आकाशवाणीचा निरोप काय, ही ऑक्टोबरची छाटणी झाली. एप्रिलपासून काडी पोसलेली नसेल, तर ऑक्टोबरात कितीही कात्री चालवली तरी हाती काय येते, ते आपण दर दोन-चार वर्षांनी एखाद्या ओळीत पाहत असालच.

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. माझे आजोबा हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांवर, कामाला होते. त्यांच्यावर कादंबरी लिहायला घेतली, बेचाळीस पाने झाली, पण सहा महिने झाले, त्रेचाळिसावे पान होत नाही. कादंबरीला किती पाने लागतात? की माझी प्रेरणाच कमी पडते आहे? पाने सोबत जोडली आहेत.
(एक वाचक, सांगली)

उत्तर : आपली पाने मी दोनदा वाचली. अक्षर हिशोबाच्या वहीतले आहे, त्यामुळे वाचायला त्रास झाला नाही.

पहिले वाक्य असे आहे : ‘सायंकाळची रम्य वेळ होती आणि कृष्णामाई संथपणे वाहत होती.’ आणि सतराव्या पानावर, कुठलाही गाजावाजा न करता, हे वाक्य येते : ‘आजोबा पेवाच्या तोंडाशी पालथे पडून दोरीने कंदील आत सोडायचे आणि ज्योत नीट जळते की गुदमरते ते बघायचे.’ पहिल्या सोळा पानांत आपण कादंबरी लिहीत आहात. सतराव्या पानापासून आपण आजोबांबद्दल लिहू लागता. पहिले वाक्य आपण कुठेतरी वाचलेले आहे, मीही वाचलेले आहे, आणि ते ज्याने प्रथम लिहिले त्यानेही बहुधा कुठेतरी वाचलेलेच असावे. दुसरे वाक्य आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहिता आले नसते. प्रेरणा कमी पडत असती तर ते सुचलेच नसते. अडचण अशी की कादंबरी लिहायचे आधी ठरले, आणि मग आजोबांना त्या मापाचे कपडे घालण्यात सोळा पाने गेली.

आता प्रकाराकडे येऊ. तोंड अरुंद आणि पोट मोठे असलेला तो जमिनीतला खड्डा, त्यात वर्षानुवर्षे कीड न लागता टिकणारी हळद, तोंड बंद करण्याची रीत, उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत वाट पाहणे, आणि हे सगळे जाणणारा एक माणूस. आपल्याला एवढेच सांगायचे असेल, तर ते व्यक्तिचित्र आहे, आणि ते पंधरा पानांत उत्तम होईल. व्यक्तिचित्रात माणूस उलगडत जातो. तो बदललाच पाहिजे असे नाही. कादंबरीत मात्र काळाने काहीतरी हलवावे लागते. ती सामग्रीही आपल्याजवळ आहे, पण ती आपण एकतिसाव्या पानावर दोन ओळींत उरकली आहे : २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, बरीच पेवे कामातून गेली, आणि माल गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. ज्या माणसाची सगळी विद्या जमिनीखालच्या हवेची होती, त्याने शीतगृहाच्या दारात उभे राहून काय करायचे? हा प्रश्न आपल्याला छळत असेल तरच कादंबरी.

माणदेशातल्या माणसांवर व्यंकटेश माडगूळकरांनी आधी व्यक्तिचित्रे लिहिली. १९४९ च्या ‘माणदेशी माणसं’मध्ये एकेका माणसाला एकेक लेख पुरला आहे. त्याच मुलखातली एक धनगरवस्ती, तिथे नेमणूक होऊन आलेला पोरसवदा मास्तर आणि शेवटी दुष्काळापायी उठून जाणारी माणसे हा ऐवज मात्र एका लेखात मावण्यासारखा नव्हता. त्याची १९५५ मध्ये ‘बनगरवाडी’ झाली. लेखक तोच, माती तीच. आणि पानांचे विचाराल, तर ती कादंबरी आकाराने लहानच आहे.

तेव्हा पहिली सोळा पाने बाजूला ठेवा (फाडू नका, दिवाणजीने कागद फाडू नये) आणि कंदिलापासून सुरुवात करा. ज्योत गुदमरली तर आजोबा काय करीत, हे आपण लिहिलेलेच नाही. बेचाळीस पाने वाचून मला सर्वांत जास्त उत्सुकता त्याचीच लागून राहिली आहे.

प्रश्न : मी वाईजवळच्या एका गावात राहते. माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या शंभरेक ओव्या पाठ आहेत. त्या ऐकूनच मला लिहावेसे वाटू लागले. पण मी कविताच लिहिते, कारण दुपारी भांडी आवरल्यापासून मुले शाळेतून येईपर्यंत तासभरच माझा असतो. सवडीवरून प्रकार निवडणे हे कमीपणाचे आहे का? आणि सासूबाईंच्या ओव्यांत एखादा शब्द बदलला तर चालेल का?
(एक गृहिणी, वाई तालुका)

उत्तर : कमीपणाचे मुळीच नाही. ज्या ओव्यांनी आपल्याला लिहिते केले, त्या ओव्याच सवडीतून, किंबहुना सवड नसण्यातून जन्मल्या आहेत. पहाटेचे दळण, हाताला काम आणि तोंड मोकळे. ओळीची लांबी जात्याच्या फेऱ्याशी जुळणारी, म्हणजे घास घालायला हात वळला की ओळही संपावी. पुरुषमाणसे झोपलेली किंवा ऐकत नसल्यासारखी, त्यामुळे माहेरची आठवण, भावाची वाट, सासरचा जाच, रामसीतेचा वनवास आणि आपला वनवास हे सगळे तिथे बोलता येई. वाङ्मयप्रकार कसा घडतो हे समजावून द्यायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही : काम, वेळ, ऐकणारी सोबतीण आणि बाहेर कुठे बोलता येत नाही ते बोलण्याची गरज. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांची प्रेरणा काही आटली नाही, दुःखेही संपली नाहीत. पण जाते थांबले आणि नवी ओवी होणे जवळजवळ थांबले. जे सांगायचे होते, त्याला सांगायची जागा उरली नाही.

आपल्या दुपारच्या तासालाही त्याचा असा प्रकार सापडेल, आणि तो आज छापली जाते तशी कविताच असेल असे नाही. दहा-बारा ओळींचे टिपण, न पाठवलेले पत्र, एकाच भांड्यावर लिहिलेले अर्धे पान, यांपैकी काहीही असू शकेल. आमच्याकडे येणाऱ्या पुरुष लेखकांच्या पत्रांत ‘वेळ मिळाला की कादंबरी लिहिणार आहे’ हे वाक्य इतके वेळा येते की, वेळ न मिळूनही लिहिणाऱ्यांबद्दल मला थोडा पक्षपात वाटू लागला आहे, हेही इथे कबूल करतो.

ओव्यांतले शब्द मात्र बदलू नका. हेमा राइरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर यांनी तर लोकसाहित्यातून बाईचे मन कसे बोलते याच अभ्यासाला आयुष्य दिले. २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. अशा कामाचे मोल, म्हणणारीने जसे म्हटले तसेच ते उतरवण्यात आहे. म्हणून दोन वह्या करा. एका वहीत सासूबाईंच्या ओव्या, त्यांच्याच उच्चारांसह, आणि प्रत्येक ओवीखाली ती त्यांनी कोणाकडून व कोणत्या गावी ऐकली ते. दुसऱ्या वहीत आपले लेखन. पहिल्या वहीतला जो शब्द बदलावा असा मोह होईल, तो दुसऱ्या वहीत बदलून पाहा. तिथून आपली कविता सुरू होण्याचा संभव आहे.

प्रश्न : पुरस्कार डोळ्यांपुढे ठेवून पुस्तक लिहिणे गैर आहे का?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : गैर नाही, अवघड आहे, परीक्षक दर वर्षी बदलतात.

प्रश्न : मी साताऱ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला रहस्यकथा लिहायच्या आहेत. मी पाटण तालुक्यातल्या खेड्यातला आहे म्हणून सगळे सांगतात, ‘तू ग्रामीण लिही, तेच तुला शोभेल आणि त्यालाच विचारतात.’ मला वाचायला रहस्यकथाच आवडतात. जन्मगावावरून माणसाचा लेखनप्रकार ठरतो का?
(एक विद्यार्थी, सातारा)

उत्तर : ठरत असता, तर वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा लिहिला नसता. मुंबईत कामगारांच्या सभांपुढे उभे राहायचे होते, डफ-तुणतुण्यावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे होते, तेव्हा पोवाडा आणि लोकनाट्य ही त्यांची हत्यारे झाली; १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले ते याचसाठी. आणि वारणेच्या खोऱ्यातल्या एका लढवय्याची कहाणी, जी एकट्याने शांत बसून वाचायला हवी होती, तिची त्यांनी कादंबरी केली. ‘फकिरा’ १९५९ ची. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला हा माणूस प्रकार निवडताना एकदाही चुकलेला दिसत नाही, कारण समोर कोण आहे हे त्याला नेहमी ठाऊक होते.

‘तुला शोभेल’ हे कारण तर सोडूनच द्या. आवड हे मात्र चांगले कारण आहे. लेखक बहुधा जे वाचण्यात रमतो तेच लिहू पाहतो, आणि सुरुवातीला त्याची नक्कलही करतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. दिवाणजींच्या पत्रात ज्या हरिपूरचा उल्लेख आला, त्याच हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांच्या सात नाटकांपैकी सहा संस्कृत किंवा पाश्चात्त्य नाटकांवर बेतलेली आहेत. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा त्यांनी ‘झुंजारराव’ केला. संपूर्णपणे स्वतःचे असे नाटक एकच, १८९९ चे ‘शारदा’, आणि ते आले दुसऱ्यांच्या नाटकांवर बारा-तेरा वर्षे हात बसल्यानंतर. म्हाताऱ्या नवऱ्याला कोवळी मुलगी पैशांसाठी देण्याची चाल भोवताली होतीच, ती त्यांनी पाहिलेली होती. तिचे नाटक करायला लागणारा हात मात्र आधीच्या रूपांतरांनी तयार केला.

रहस्यकथेविषयी दोन शब्द. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचूनच मराठी वाचायची गोडी लागली असे सांगणारी माणसे आमच्या पिढीत जागोजाग सापडतात. या प्रकाराला कमी लेखणाऱ्यांनी निदान एवढे तरी ध्यानात ठेवावे. पण हा प्रकार फार कडक आहे. कवितेतला सैल शब्द वाचक मोठ्या मनाने सोडून देतो. रहस्यकथेत उत्तराकडे नेणारा दुवा आधीच वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलेला नसेल, तर तो लेखकाला माफ करत नाही. म्हणून शेवट आधी ठरवावा लागतो आणि मग मागे येत येत लिहावे लागते. ज्यांना ‘लिहिता लिहिता सुचेल’ अशी सवय आहे त्यांना हे जमत नाही.

आणि शेवटची गोष्ट. ग्रामीण आणि रहस्य ही दोन वेगळी दुकाने आहेत असे तुम्हाला कोणी सांगितले? तुमच्या तालुक्यात कोयनेच्या धरणासाठी उठलेली गावे आहेत, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि या दोन्हींमुळे जमिनीचे कागद अनेकदा इकडचे तिकडे झालेले आहेत. एखाद्या सातबाऱ्यावरून एक नाव नाहीसे होते. फेरफार कोणी घातला, साक्षीदार म्हणून अंगठा कोणाचा, आणि तो अंगठा उठला त्या तारखेला तो माणूस जिवंत होता का? यात खून दाखवायची गरज नाही, ओव्हरकोट घातलेला गुप्तहेर तर नकोच. तुम्हाला जे वाचायला आवडते ते, आणि तुम्हाला जे इतरांपेक्षा जास्त माहीत आहे ते, एकाच कथेत येऊ शकते. ती लिहून झाली की ग्रामीण म्हणायची की रहस्यकथा, याची काळजी कपाट लावणाऱ्या ग्रंथपालाला करू द्या.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत सव्वीस वर्षे वसुलीचे काम केले. कोणाच्या दारात उभा राहून काय बोललो, एका घरातून तर शिलाई मशीन उचलून आणले, हे आता झोपू देत नाही. लिहावे असे वाटते. पण माणसे हयात आहेत, आमच्यातले वरिष्ठही हयात आहेत. आत्मचरित्र लिहू, की नावे बदलून कथा लिहू? कृपया गावाचे नाव छापू नये.
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : आपले पत्र शेवटी घेतले, कारण त्याला उत्तर देणे मला सर्वांत कठीण गेले.

नावे बदलण्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. सांगलीतच जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’त होते, सरकारवर थेट लिहिले तर काय होते हे त्यांना रोज दिसत होते. त्यांनी महाभारतातला कीचक घेतला आणि १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, गांजलेली द्रौपदी म्हणजे हा देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. सरकारलाही ते अखेर समजले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. तिथे पौराणिक नाटक हा प्रकार बळजोरीने निवडला गेला, आणि त्या बळजोरीनेच नाटकाला धार आली. वरचा माणूस बलवान असेल आणि खालच्याची बाजू मांडायची असेल, तर मुखवटा घेण्यात भित्रेपणा नाही.

आपली गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि कुठे वेगळी आहे ते सांगण्यासाठी मला माझी एक फजिती सांगावी लागेल. पंचविशीत असताना मी एक कथा लिहिली होती. जिथे नोकरी करत होतो तिथल्या एका वरिष्ठाने माझा अपमान केला होता, आणि कथेत मी त्याला नाव बदलून, मिशा लावून, पुरता झोडपला होता. एका मासिकाच्या संपादकांनी ती परत पाठवली. कोपऱ्यात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : ‘ही कथा नाही, तक्रार आहे.’ मला राग आला आणि तो बरीच वर्षे टिकला. पुढे कधीतरी ती कथा पुन्हा वाचली तेव्हा दिसले की तिच्यातला ‘मी’ एकदाही चुकत नाही, एकदाही खोटे बोलत नाही, त्याला साधा घामसुद्धा येत नाही. रागाने लिहायला बसवले होते हे खरे, पण उठायच्या आत त्याने काही पाहूही दिले नाही.

आपल्याला लिहायला बसवते आहे ती तक्रार नाही. तक्रार असती तर पत्रात संस्थेविषयी, वरिष्ठांविषयी चार वाक्ये आली असती. आपल्या पत्रात आहे ते आपण काय केले ते. मात्र एक गोष्ट पाहा. ‘काय बोललो’ असे आपण लिहिता, तिथे क्रियापदातच ‘मी’ बसलेला आहे. ‘मी’ हा शब्द गाळला तरी तो लपत नाही. आणि पुढच्याच तुकड्यात ‘शिलाई मशीन उचलून आणले’. कोणी आणले? मराठीचा कर्मणी प्रयोग मोठा सोयीचा आहे. त्यात मशीन वाक्याच्या मधोमध येऊन बसते आणि करणारा दाराआड उभा राहतो. आपण हे मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही. पण आत्मचरित्र की कथा या प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात आहे, असे मला वाटते. ‘मी मशीन उचलून आणले’ असे आपल्याला स्वतःच्या नावाने लिहिता येत असेल, तर आत्मकथन लिहावे. त्यात सव्वीस वर्षे सगळी सांगायची गरज नाही, पाच-सहा दारे पुरतात. ते लिहिता येत नसेल, तर कथा लिहावी, आणि तिच्यातला वसुलीवाला परका माणूस असल्यासारखा, पण आपल्याइतकाच जवळून पाहावा. दोन्हींपैकी कुठल्याही वाटेने गेलात तरी त्या घरातल्या माणसांची नावे, गाव, जात, धंदा बदलावा. दोन घरे मिळून एक करावे. त्यांनी एकदा दारात उभे राहून सगळ्यांदेखत ऐकून घेतले आहे, छापील पानावर पुन्हा ऐकून घ्यायला त्यांना लावू नये. मशीन मात्र मशीनच ठेवा, त्याची सायकल करू नका.

ते उचलले तेव्हा सुईखाली अर्धवट शिवलेले कापड होते का, असेल तर ते कोणाचे होते, आणि ते कोणी ओढून बाजूला काढले, तिथून लिहायला लागा. छापायचे की नाही हा विचार ते पान झाल्यावर करता येईल. गावाचे नाव आपण सांगितल्याप्रमाणे छापलेले नाही.